मैदानावरचा अपशब्द आणि क्रीडासंस्थांचा न्याय

भर सामन्यात एका खेळाडूने दुसऱ्याच्या वर्णावरून, वंशावरून किंवा जातीवरून अपशब्द काढला, तर त्याचा निवाडा कोणी करावा, कोणत्या पुराव्यावर करावा आणि तो किती दिवसांत व्हावा? वरवर पाहता हा प्रश्न युरोपातल्या फुटबॉलचा वाटतो. गोऱ्यांच्या देशात काळ्या खेळाडूंना भोगावा लागणारा अन्याय म्हणून त्याविषयी आपल्याकडे सहानुभूतीने बोलले जाते आणि तेवढ्यावर विषय संपतो. वस्तुतः ज्या प्रकरणांनी हा प्रश्न जगापुढे ठळकपणे मांडला त्यांतल्या दोहोंत महाराष्ट्राचा जवळून संबंध आला होता. त्या प्रकरणांत आपण कसे वागलो हे पाहिले म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांना नावे ठेवण्यापूर्वी थोडे थांबावे लागते.

वानखेडे ते सिडनी

ऑक्टोबर २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात एकदिवसीय सामन्यांची मालिका खेळत होता. कॅरिबियन वंशाचा वारसा लाभलेला अष्टपैलू खेळाडू अँड्र्यू सायमंड्स याला उद्देशून बडोद्याच्या सामन्यात प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढल्याचा आरोप झाला. या प्रेक्षकांच्या ओरडण्याचा अर्थ चुकीचा लावला गेला, त्यात वंशद्वेष नव्हता, असा बचाव लगेच पुढे आला. १७ ऑक्टोबरला मुंबईत वानखेडे स्टेडियमवर तोच प्रकार पुन्हा घडला. या वेळी माकडचेष्टा करणाऱ्या प्रेक्षकांची छायाचित्रेच उपलब्ध होती. चौघांना मैदानाबाहेर काढण्यात आले व त्यांच्यावर पोलिसांनी कारवाई केली. छायाचित्र नसते तर बडोद्याचाच बचाव मुंबईतही चालून गेला असता, हे उघड आहे.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ जानेवारी २००८ रोजी, सिडनीच्या कसोटीत हरभजन सिंग आणि सायमंड्स यांच्यात खटका उडाला. हरभजनने आपल्याला ‘माकड’ म्हटले, अशी तक्रार सायमंड्सने केली. पंचांनी तो शब्द ऐकलेला नव्हता. ऑस्ट्रेलियाचे काही खेळाडू ऐकल्याचे सांगत होते. त्या वेळी हरभजनबरोबर फलंदाजी करीत असलेल्या सचिन तेंडुलकरचे म्हणणे वेगळे होते. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी सुनावणी घेऊन हरभजनवर तीन कसोट्यांची बंदी घातली. भारतात संतापाची लाट उसळली. दौरा पुढे चालणार की नाही अशी शंका निर्माण झाली. शरद पवार अध्यक्ष असलेल्या क्रिकेट नियामक मंडळाने आपल्या खेळाडूच्या मागे सारी ताकद उभी केली, आणि अपिलात नागपूरचे ज्येष्ठ विधिज्ञ व्ही. आर. मनोहर यांनी त्याची बाजू मांडली. न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी २९ जानेवारीला ॲडलेडमध्ये सुनावणी घेतली. उच्चारलेला शब्द ‘मंकी’ नसून उत्तरेकडची आईवरून दिली जाणारी एक शिवी होती आणि तिचा ध्वनी या इंग्रजी शब्दाशी मिळताजुळता आहे, हा खुलासा त्यांच्यापुढे आला. वांशिक अपशब्दाचा आरोप सिद्ध झाला नाही. शिवीगाळीबद्दल सामन्याच्या मानधनाच्या निम्मी रक्कम दंड म्हणून ठरली. पुढे असे उघडकीस आले की, हरभजनच्या पूर्वीच्या सर्व शिस्तभंगांची नोंद न्यायमूर्तींपुढे आलीच नव्हती. ती आली असती तर शिक्षा अधिक झाली असती, असे खुद्द हॅन्सन यांनीच सांगितले.

या निकालात कोण खरे बोलत होते, हा वाद येथे पुन्हा उकरण्याचे कारण नाही. आरोप सिद्ध न झालेल्या माणसाला दोषी मानणे हाही अन्यायच. परंतु त्या चार आठवड्यांत आपल्या समाजाने कोणता प्रश्न विचारला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘तो शब्द उच्चारला गेला का?’ असे विचारणारे थोडे होते. ‘आपल्या माणसावर आरोप करणारे हे कोण?’ असे विचारणारे पुष्कळ. ऑस्ट्रेलियातही याच्या उलट चित्र नव्हते. तेथेही आपल्या खेळाडूचा शब्द प्रमाण मानला गेला. सत्यशोधनाची जागा पक्षनिष्ठेने घेतली, की तक्रारदार आणि आरोपी दोघेही न्यायाला मुकतात. पुढे २०११ मध्ये हे दोघे मुंबई इंडियन्सच्या एकाच संघात सहकारी झाले. बाजारपेठेने जे जमवून आणले ते क्रीडासंस्थांच्या न्यायव्यवस्थेला साधले नव्हते.

इंग्लंडमधले दोन निवाडे

फुटबॉलमधील दोन प्रकरणे या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहेत. दोन्ही ऑक्टोबर २०११ मधली. लिव्हरपूलचा लुईस सुआरेझ आणि मँचेस्टर युनायटेडचा पॅट्रिस एव्हरा यांच्यातील प्रकरणात वापरला गेलेला शब्द स्पॅनिश होता. आमच्या उरुग्वेत हा शब्द मित्रालाही म्हणतात, असा सुआरेझचा बचाव होता. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने स्वतंत्र आयोग नेमला. आयोगाने त्या बोलीच्या जाणकारांचा सल्ला घेतला, दोघांच्या जबान्या ताडून पाहिल्या आणि आठ सामन्यांची बंदी व ४० हजार पौंडांचा दंड सुनावला. शंभराहून अधिक पानांचा कारणांसहित निकाल त्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी सर्वांना वाचायला खुला झाला. लिव्हरपूल क्लबाने मात्र निकालाची वाट पाहिली नाही आणि निकालानंतरही माघार घेतली नाही. त्याचे खेळाडू सुआरेझचे चित्र असलेले सदरे घालून सरावाला उतरले. संघाच्या त्या वर्तनाबद्दल जेमी कॅरॅगरने एव्हराची जाहीर माफी मागितली ती २०१९ साली, म्हणजे आठ वर्षांनी.

दुसरे प्रकरण चेल्सीचा कर्णधार जॉन टेरी याचे. अँटन फर्डिनांडला उद्देशून वर्णवाचक शिवी दिल्याच्या आरोपावर त्याच्यावर फौजदारी खटला झाला आणि जुलै २०१२ मध्ये न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. तरीही सप्टेंबरमध्ये असोसिएशनच्या आयोगाने त्याला दोषी धरून चार सामन्यांची बंदी आणि २ लाख २० हजार पौंडांचा दंड केला. एकाच घटनेचे दोन निकाल कसे, असा गोंधळ अनेकांचा झाला. त्यात विसंगती नाही. फौजदारी न्यायालयाला वाजवी संशयापलीकडचा पुरावा लागतो, कारण तेथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. क्रीडासंस्थेला संभाव्यतेचा तोल पाहून, म्हणजे कोणती हकिगत अधिक संभवनीय आहे हे पाहून, निर्णय देता येतो. आपल्याकडेही खात्यांतर्गत चौकशी याच तत्त्वावर चालते. न्यायालयाने सोडले म्हणून संस्थेची जबाबदारी संपत नाही, आणि संस्थेने शिक्षा केली म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही.

या दोन निवाड्यांपासून पुढे नियम कडक होत गेले. युरोपीय फुटबॉल संघटनेने २०१३ मध्ये अशा अपशब्दासाठी खेळाडूला किमान दहा सामन्यांच्या बंदीची तरतूद केली. सामना थांबवणे, काही काळ स्थगित करणे आणि अखेरीस रद्द करणे अशी तीन पायऱ्यांची पद्धत पंचांच्या हाती आली. मे २०२४ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात जागतिक संघटनेने मनगटे एकमेकांवर आडवी धरण्याची खूण मान्य केली. ती करून खेळाडू पंचाला सांगू शकतो की आपला वांशिक अपमान झाला आहे. स्पेनमध्ये व्हिनिसियस ज्युनिअरला २०२३ साली व्हॅलेन्सियाच्या मैदानावर शिव्या देणाऱ्या तिघा प्रेक्षकांना पुढल्या वर्षी न्यायालयाने आठ महिन्यांची कैद सुनावली. नियमांची उणीव आता फारशी उरलेली नाही. उणीव आहे ती नियम वापरण्याच्या इच्छेची, आणि त्या अनिच्छेची कारणे आर्थिक आहेत.

क्लबाचा हिशेब

नामवंत खेळाडू ही क्लबाची मालमत्ता असते. त्याच्यावर गुंतवलेला पैसा सामन्यागणिक वसूल व्हायचा असतो. दहा सामन्यांची बंदी म्हणजे त्या गुंतवणुकीवरचा थेट तोटा. उलट अपमानित खेळाडूला झालेली इजा क्लबाच्या ताळेबंदात कोठेच दिसत नाही. ती त्याने एकट्याने सोसायची असते. लाभ एकाकडे आणि खर्च दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली की संस्था स्वतःहून सुधारत नाही, हा अर्थशास्त्रातला जुना धडा आहे.

यॉर्कशायर क्रिकेट क्लबाच्या प्रकरणात तो पुन्हा गिरवला गेला. पाकिस्तानी वंशाचा अझीम रफिक याने २०२० मध्ये आपल्यावरील वांशिक टोमण्यांविषयी जाहीर वाच्यता केली. क्लबाच्या चौकशीत त्याच्या ४३ तक्रारींपैकी सात मान्य झाल्या, परंतु एका अत्यंत अपमानकारक शब्दाची वासलात ‘मित्रांमधली थट्टा’ म्हणून लावण्यात आली आणि कोणावरही कारवाई करण्याजोगे काही नाही, असे क्लबाने २०२१ मध्ये जाहीर केले. त्यानंतर काही दिवसांतच पुरस्कर्त्या कंपन्यांनी काढता पाय घेतला, क्लबाच्या मैदानावरील आंतरराष्ट्रीय सामन्यांवर गंडांतर आले आणि अध्यक्षांना जावे लागले. २०२३ मध्ये क्लबाला चार लाख पौंडांचा दंड झाला आणि काउंटी स्पर्धेतले ४८ गुण कापले गेले. सद्सद्विवेकाला जे सुचले नाही ते पुरस्कर्त्यांनी पाठ फिरवताच सुचले. याच क्लबातून खेळलेल्या आपल्या चेतेश्वर पुजाराचे नाव उच्चारायला अवघड म्हणून तेथे त्याला ‘स्टीव्ह’ म्हणत, हेही या चौकशीच्या ओघात पुढे आले. नाव बदलून टाकणे ही शिवी नव्हे. परंतु ज्याचे नाव शिकण्याचेही कष्ट घेतले जात नाहीत, त्याची तक्रार कितपत ऐकली जाईल हे त्यावरून कळते.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात असा विचार मांडला आहे की, संस्थेविषयी असमाधानी असलेल्या माणसापुढे दोन मार्ग असतात: बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे, आणि निष्ठा त्या दोहोंतली निवड ठरवते. आवाज उठवण्याची किंमत जितकी जास्त, तितकी माणसे मुकाट्याने बाहेर पडतात. मोठ्या खेळाडूला वकील मिळतो, वृत्तपत्रे मिळतात. लहान खेळाडूला मिळते ती संघातून गच्छंती. तो तक्रार करीत नाही. एके दिवशी मैदानावर यायचे थांबतो. त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही, आणि ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही’ असे संस्था अभिमानाने सांगते.

आपला वारसा

आपल्याकडे वंशभेद नाही, असे म्हणणाऱ्यांनी पळवणकर बाळूंची कहाणी आठवावी. चर्मकार समाजातल्या या डावखुऱ्या गोलंदाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला विजय मिळवून दिले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्याच चेंडूला हात लावीत. परंतु चहाच्या वेळी बाळूंना बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. १९२० साली या अन्यायाविरुद्ध त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. त्यानंतर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले. पळवणकर बंधूंना न्याय मिळाला तो संस्थेच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे. त्यांच्यावाचून संघ जिंकत नव्हता म्हणून. ज्याच्यावाचून अडत नाही अशा खेळाडूचे काय, हा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित होता आणि आजही आहे.

जिव्हाळ्याच्या नावाखाली अपमान खपवण्याची आपली रीतही जुनी आहे. घरातल्या सावळ्या मुलाला ‘काळ्या’ म्हणण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. वेस्ट इंडीजचा माजी कर्णधार डॅरेन सॅमी याने २०२० मध्ये सांगितले की, हैदराबादच्या संघातून खेळताना सहकारी आपल्याला ‘काळू’ म्हणत आणि त्याचा अर्थ आपल्याला तेव्हा माहीतच नव्हता. तो शब्द प्रेमाने वापरला होता, असा खुलासा त्याला मिळाला. सुआरेझचा बचाव याहून वेगळा नव्हता. शब्दामागचा हेतू शिक्षा ठरवताना अवश्य पाहावा. परंतु अपमान झाला की नाही, हे बोलणाऱ्याच्या हेतूवरून ठरवले तर ऐकणाऱ्याला काही स्थानच उरत नाही.

गोंदियाच्या मैदानावर

हा सारा विचार गोंदियासारख्या जिल्ह्याला लावून पाहिला पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याच्या १३ लाखांहून अधिक लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १६ टक्के आणि अनुसूचित जातींचे सुमारे १३ टक्के आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतील गोंड आणि हलबा मुले आश्रमशाळांत शिकतात आणि क्रीडास्पर्धांसाठी गावाबाहेर पडतात. घर आणि शाळा यांच्यापलीकडल्या समाजाशी त्यांची पहिली गाठ पुष्कळदा मैदानावरच पडते. ‘जंगली’ हा शब्द तेथे कानी पडला, तर त्या मुलाने तक्रार कोणाकडे करायची? संघाबरोबर आलेल्या शिक्षकाकडे? सामन्याच्या पंचाकडे? की जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडे? अशा तक्रारीची वाट कोणीतरी त्याला अगोदर दाखवली पाहिजे.

अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना निदान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कवच आहे. सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणे हा त्या कायद्याखाली सहा महिने ते पाच वर्षे कैदेचा गुन्हा आहे, आणि खेळाचे मैदान हे तसे ठिकाण सहज ठरू शकते. मिझोरम किंवा मणिपूरचा आदिवासी खेळाडू मुंबईच्या क्लबात आला, तर त्याची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही म्हणून तो उघडा पडतो का, अशीही शंका होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने डिसेंबर २०२३ मध्ये ती दूर केली: या कायद्याचे संरक्षण राज्याच्या सीमेशी संपत नाही.

तरीही एक वर्ग कवचाबाहेर राहतोच. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड-गोठणगाव परिसरात १९७२ पासून नॉरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. भारतातल्या तिबेटी वसाहतींत फुटबॉल हा अत्यंत लोकप्रिय खेळ. दलाई लामांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या सुवर्णचषक स्पर्धेसाठी ठिकठिकाणच्या वसाहतींचे संघ येतात. या जिल्ह्यातच जन्मलेल्या आणि वाढलेल्या तिबेटी मुलाला चेहऱ्यावरून ‘चिनी’ किंवा ‘चिंकी’ म्हणणे म्हणजे ज्या राजवटीमुळे त्याच्या आजोबांना देश सोडावा लागला तिचेच नाव त्याला चिकटवणे. केंद्रीय गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये राज्यांना कळवले होते की, ईशान्येकडील अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला ‘चिंकी’ म्हटल्यास अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो. पण महाराष्ट्रातला तिबेटी निर्वासित त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. अरुणाचलचा विद्यार्थी निडो तानिया २०१४ साली दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू पावला, तेव्हा नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक अपशब्दांसाठी स्वतंत्र कलमे सुचवली होती. २०२४ मध्ये अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आली नाहीत. ज्याला कायदा पुरेसे संरक्षण देत नाही, त्याच्यासाठी खेळाचे नियम हाच जवळचा आधार उरतो. आणि म्हणूनच ते नियम तालुक्याच्या मैदानापर्यंत पोचणे अगत्याचे आहे.

काय करता येईल

संसदेने २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. राष्ट्रीय संघटनांना नीतिविषयक समिती आणि वादनिवारणाची व्यवस्था त्याने बंधनकारक केली; क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली; अल्पवयीन व दुर्बल खेळाडूंच्या संरक्षणाचे धोरणही आखायला सांगितले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु दिल्लीतले न्यायाधिकरण देवरीच्या मुलाला फार दूर. जिल्हापातळीवर जे करायचे ते फारशा खर्चाचे नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नोंद. सामन्याच्या अहवालात असा प्रसंग घडला की नाही, याचा एक रकाना असावा आणि पंचाने तो भरल्यावाचून अहवाल पुरा मानू नये. सिडनीच्या प्रकरणात जुन्या नोंदी न्यायमूर्तींपुढे न आल्याने काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. कागद नसला की न्यायही नसतो. दुसरी गोष्ट, चौकशी दोन्ही संघांशी संबंध नसलेल्या तिघांनी करावी. त्यांतला एक कायदा जाणणारा आणि एक तक्रारदाराची भाषा व समाज जाणणारा असावा. गोंडी, छत्तीसगढी, पोवारी किंवा तिबेटी बोलणाऱ्याला कोणता शब्द कसा लागतो, हे प्रमाण मराठीच्या कोशात सापडणार नाही. तिसरी, मुदत. दोन आठवड्यांत निर्णय आणि त्याची लेखी कारणे दोन्ही बाजूंना मिळावीत. चौथी, तक्रार केली म्हणून कोणाला संघातून वगळले जाणार नाही, याची हमी आयोजकांनी स्पर्धेपूर्वीच द्यावी. आणि तितक्याच आग्रहाने आरोपीला आपली बाजू मांडण्याची पूर्ण संधी मिळावी.

शिक्षेबाबत तारतम्य हवे. चौदा वर्षांचा मुलगा मोठ्यांकडून ऐकलेला शब्द मैदानावर उच्चारतो, तेव्हा त्याला दहा सामने बाहेर बसवून फारसे साधत नाही. एखाद-दुसऱ्या सामन्याची बंदी, समक्ष क्षमायाचना आणि पुढे काही काळ लक्ष एवढे पुरे. प्रशिक्षक किंवा शिक्षक तोच शब्द वापरत असेल, तर मात्र त्याला सवलत देण्याचे कारण नाही, कारण मुलाचा शब्द बहुधा त्याच्याकडूनच आलेला असतो. संघाचे गुण कापण्याची तरतूदही असावी. आपल्या खेळाडूच्या जिभेची किंमत सर्व संघाला मोजावी लागेल असे दिसले, की कर्णधार आणि व्यवस्थापक आपोआप जागरूक होतात. यॉर्कशायरला दंडापेक्षा कापलेले गुणच अधिक झोंबले असतील.

या उपायांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: मैदानावर तापलेल्या डोक्याने काहीही बोलले जाते, ते मैदानावरच सोडून द्यावे. चुकलेल्या फटक्यावरून किंवा सुटलेल्या झेलावरून झालेली बोलाचाली तेथेच सोडावी, हे खरे. त्या बोलण्याला उत्तर देता येते. पुढचा चेंडू सीमापार धाडून देता येते. वर्ण, वंश आणि जात यांवरून काढलेल्या शब्दाला असे उत्तर नाही, कारण तो खेळाडूच्या खेळाविषयी बोलतच नाही. सामना संपल्यावर खेळाडू तो शब्द घेऊनच घरी जातो. पंचाने शिट्टी वाजवायची ती याच ठिकाणी. ती वाजली तर आश्रमशाळेतला किंवा तिबेटी वसाहतीतला मुलगा पुढच्या वर्षीही बूट बांधून मैदानात उतरेल. न वाजली तर त्याची जागा दुसरा कोणी घेईल, संघ पुरा भरेल, आणि कोण कमी झाले हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.